आतून गेलेलं उत्तर

त्या घरात आंघोळीचा एक नियम होता. कोणी आत असलं की बाहेरच्याने मधून मधून हाक मारायची, "आहात ना?" आणि आतल्याने "आहे" म्हणायचं. बाईंचे यजमान बाथरूममध्ये घसरून पडले आणि दुपारभर कोणाला पत्ताच लागला नाही, तेव्हापासून मुलाने हा नियम घातला होता. नियम चांगलाच, पण बाईंच्या तो डोक्यात जायचा.

बाई शिवणकाम करायच्या. आठवडाभर मशीनवर वाकून पाठीचा पार भुगा व्हायचा. सुट्टीच्या दुपारी टबभर गरम पाणी, एवढंच काय ते त्यांचं सुख. आधी घोट्यांना चटका बसायचा, मग गुडघे सैल पडायचे, मग कंबर. सुया टोचून टोचून राठ झालेली बोटंसुद्धा मऊ व्हायची. आणि पाणी मानेपर्यंत आलं, डोळे मिटले, की नेमकी दारावर टकटक.

"आई, आहात ना?"

"नसून जाणार कुठं?" बाई खेकसायच्या. सून बिचारी निघून जायची. तिची काळजी खरी आहे हे बाईंना कळायचं, पण कळतं पण वळत नाही, त्यातली गत.

त्या दुपारी टकटक झाली तेव्हा बाईंना तोंड उघडायचाही कंटाळा आला. आपल्या वतीने दुसऱ्याच कोणी उत्तर दिलं तर किती बरं, असं त्यांच्या मनात आलं.

"आहे गं," आवाज आला.

आवाज बाईंचाच होता. पेंगता पेंगता आपणच बोललो असू, असं त्यांना वाटलं. त्या आणखी खाली सरकल्या.

पुन्हा हाक आली. या वेळी बाईंनी ओठ घट्ट मिटून ठेवले होते.

"आहे गं बाळा," वाफेतून उत्तर गेलं. "तू दमली असशील. पड जराशी."

बाहेर सून घुटमळली. मग हसली. तिचं असं मोकळं हसणं बाईंनी कधी ऐकलंच नव्हतं.

"आज स्वारी खुशीत दिसतेय," ती म्हणाली.

उठायला म्हणून बाईंनी टबाच्या काठाकडे हात नेला, पण काठ हाताला लागेना. अंग कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं, तेच कळेना. "अगं, ते मी नाही बोलले," त्या ओरडून सांगायला गेल्या. आवाज फुटला नाही.

वाफेत कोणीतरी पाठमोरं उभं राहून बाईंच्या टॉवेलने केस पुसत होतं. पाठ चांगली ताठ होती. तिने बाईंचे कपडे घातले, कडी काढली, बाहेर पाऊल टाकलं आणि मागे दार ओढून घेतलं.

"आलात? बसा, चहा टाकते."

"तू बस गं. मी टाकते."

बाई भीतीने गारठून गेल्या आणि हाकेची वाट बघत राहिल्या. एक हाक आली असती तर त्यांनी सगळा जीव एकवटून ओ दिली असती. पण बाथरूममध्ये आता कोणी नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"आहे," बाई म्हणाल्या. "मी आहे गं."

बाहेर कपबशा वाजल्या, आणि सून पुन्हा हसली.