दोन थापा

लष्कराच्या लिलावातून जुन्या गाड्या उचलणाऱ्या माणसाचा एक स्क्रू ढिला असतो, असं बसप्पाचं ठाम मत होतं, आणि चन्नवीरकडे बघून ते अधिकच ठाम व्हायचं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतलं बापाचं चालतं दुकान भावाच्या गळ्यात मारून हा पठ्ठ्या बाळे गावाच्या पुढं बार्शी रोडला पत्रे ठोकून बसला होता. आत सगळा लोखंडी पसारा. एप्रिलच्या उन्हात त्यातल्या कशालाही हात लावायची सोय नव्हती.

"मामा, आठचाकी आलीया," त्यानं सकाळी फोन केला होता. "आमच्या पोरांना तिचा गिअरच कळंना. तुमी चौदा वर्षं मिलिटरीत ह्याच चालवल्या की. एवढी पोचवून द्या."

सहासष्टाव्या वर्षी आपण कुणाला तरी हवे आहोत, याचा आनंद माणसाला होतोच. बसप्पा इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला. गाडी कुठं पोचवायची, हे विचारायचं मात्र तो विसरला होता.

"वैरागला," चन्नवीर म्हणाला. "आदिनाथ म्हणून एक जण हाय. बोअरचं मशीन बसवणार हाय तिच्यावर."

बसप्पानं तोंडाजवळ नेलेला तांब्या तसाच खाली ठेवला. तीस वर्षांत त्यानं वैरागात पाय ठेवला नव्हता. बार्शीला लग्नाला जायचं तरी तो टेंभुर्णीचा वळसा घालून जायचा. बायको त्याला येडा म्हणायची, आणि तो म्हणू द्यायचा.

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. तो मुकाट्यानं गाडीकडं गेला.

या गाड्यांची एक तऱ्हा असते. साध्या ट्रकसारखा सरळ आडवा ॲक्सल यांना नसतो. प्रत्येक चाक वेगळं लोंबतं. गाडी मोकळी असली की चाकं खालून आत ओढली जातात आणि गाडी फेंगडी उभी राहते. माल भरला की चाकं ताठ होतात. मुरलेला ड्रायव्हर लांबूनच चाकं बघून आत किती वजन आहे ते सांगतो. बसप्पानं बघितलं. पुढची चार चाकं फेंगडी होती. मागची चार ताठ उभी होती.

"मागं काय भरलंय रे?"

"काय न्हाय की. मोकळी हाय."

बसप्पा मागच्या फाळक्यावर चढून आत डोकावला. पत्र्याचा तळ, मूठभर वाळू, एक कुजकी दोरी. आणि तोंडावर गार हवा आली. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि आत नाकातला श्वास आखडावा असा गारठा होता. ती थंडी त्याच्या ओळखीची होती.

"गंजून अडकली असतील चाकं," चन्नवीर डोकं खाजवत म्हणाला. "काल मातूर फेंगडीच हुती."

बसप्पा केबिनमध्ये बसला आणि त्यानं स्टिअरिंगच्या खाली बोटं फिरवली. खिळ्यानं कोरलेलं इवलंसं शिवलिंग बोटांना लागलं. ते त्यानंच कोरलं होतं. लष्करात अशा गाड्या शेकड्यांनी, आणि त्यातली नेमकी हीच सोलापूरला यावी! त्याला रडावंसं वाटलं, पण चन्नवीर बघत होता.

ही गाडी तेव्हा लडाखच्या बाजूला रेशन वाहायची. पुढं बसप्पा, मागं पोत्यांवर दोघं-तिघं जवान. घाटात कुठंही थांबलं की निघण्याआधी ड्रायव्हरनं खाली उतरायचं, मागं जाऊन फाळक्यावर हाताच्या दोन थापा मारायच्या. सगळे चढलेले असले की आतला शेवटचा माणूस दोन थापा परत मारायचा. मगच गाडी हलवायची. वायरलेस बंद पडायचा, शिट्टी वाऱ्यात विरायची. थापा कधी चुकायच्या नाहीत.

एका दुपारी बर्फ भुरभुरत होतं आणि बसप्पाला खाली उतरायचा कंटाळा आला. बस, एवढंच. तो उतरला नाही. त्या दिवशी मागं एकटा जोतिराम होता, वैरागचा, हसरा, बसप्पाला 'आण्णा' म्हणणारा. तो लघवीला उतरला होता. दोन तासांनी पुढच्या ठाण्यावर फाळका उघडला तेव्हा आत नुसती पोती होती. तोवर घाट बंद झाला होता. जोतिरामचं प्रेतसुद्धा मिळालं नाही.

चौकशीत बसप्पा म्हणाला, "थापा मारल्या, साहेब. उत्तर आलं होतं." म्हणजे जोतिराम चढून पुन्हा न सांगता उतरला असणार. रजेवर आल्यावर त्याच्या बायकोला, बजाबाईलाही त्यानं तेच सांगितलं. प्रेत नाही, आणि नवरा आपण होऊन उतरलेला. गावानं पुढचं आपलं आपण जोडून घेतलं: गडी पळाला.

आता यार्डातून निघताना सवयीनं बसप्पाचे पाय गाडीच्या मागं गेले. हात वर झाला. उत्तर आलं तर काय करायचं, हा विचार मनात आला आणि त्यानं हात खाली घेतला.

गाडी मोकळी होती, आणि साधा चढ लागला तरी खालचा गिअर मागत होती. वाटेतल्या वडाळा गावाच्या अलीकडं इंजिन काळा धूर ओकायला लागलं. गतिरोधकाजवळ टपरीवरचा एक जण ओरडला, "ओ मामा, लोड जरा बेतानं भरा की!" बसप्पानं उतरून बघितलं. आता आठही चाकं ताठ होती. टायर खाली दबले होते आणि मागच्या पत्र्याला हात लावला तर बोटं बधिर झाली.

"जोत्या," तो हळूच म्हणाला, "मला तुझ्या घराच्या पुढं जाऊ दे रे बाबा." त्याला स्वतःचीच लाज वाटली. इतक्या वर्षांनी बोलायला मिळालं, आणि तोंडातून निघालं ते स्वतःपुरतंच.

बजाबाईचं घर रस्त्याला लागूनच होतं. तिकडं न बघता निघून जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. बरोबर त्या घरासमोर गाडी कण्हली आणि बंद पडली. चार वेळा किल्ली फिरवली. पाचव्यांदा फिरवायची त्याची छाती झाली नाही.

बजाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. केस पांढरे, कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. ते कुंकू बघून बसप्पा गाडीतून खाली उतरला. प्रेतच न मिळाल्यामुळं बाई अजून वाट बघत होती.

"वळखलं मी," ती सूप खाली ठेवत म्हणाली. "सोलापूरचं बसप्पा न्हवं? बसा. पाणी आणते."

"नको, वैनी. आधी ऐका." तो उभाच राहिला. "त्या दिवशी मी खाली उतरलोच नाही. थापा मारल्याच नाहीत. उत्तर आलं म्हणून मी सगळ्यांना खोटं सांगितलं. जोतिराम पळाला नाही. मी त्याला तिथं सोडून आलो."

बजाबाई म्हणाली, "माझी सासू मरताना म्हणली, तुज्यात काय तरी कमी असंल म्हणून त्यो पळाला. तीस वर्सं मी त्येच ऐकत आले."

तिनं रस्त्यावरच्या गाडीकडं बघितलं.

"हीच व्हय ती गाडी?"

त्यानं मान हलवली. ती उठली आणि रस्ता ओलांडून गाडीच्या मागं गेली. जोतिरामनं कधीतरी रजेवर आल्यावर तिला सांगितलं असणार, कारण तिनं काही विचारलं नाही. हात उचलला आणि फाळक्यावर दोन थापा मारल्या.

आतून दोन थापा आल्या.

भर दुपारी, स्वच्छ. समोरच्या पिठाच्या गिरणीतला माणूससुद्धा वळून बघायला लागला.

"उतरा," बजाबाई म्हणाली. "घर आलं."

लोखंड करकरलं. मागची चाकं सावकाश खालून आत ओढली गेली, मग पुढची. गाडी फेंगडी होऊन उभी राहिली. बसप्पाच्या अंगावरून गारठ्याची झुळूक गेली आणि अंगणातल्या ज्वारीचा भुसा दाराच्या दिशेनं उडाला.

बजाबाई माघारी आली. तिनं दार सताड उघडलं आणि पदर सावरून बाजूला उभी राहिली, कुणाला तरी आधी आत जाऊ द्यावं तशी. मग आपण आत गेली. बसप्पाचं पाऊल उंबऱ्याकडं पडलं होतं. तिनं त्याच्याकडं एकदा नीट बघितलं, आणि आतून कडी लावली.