हलगी ढिली नव्हती

पंढरी पाटलांच्या मुलीची, उन्नतीची हळद आमच्या इमारतीच्या पोडियमवर होती. खाली पार्किंग, त्यावर हे मोकळं अंगण. कोपरखैरण्यातली ही इमारत पाटलांनीच बांधली, शेती सरकारने घेतल्यावर मोबदल्यात मिळालेल्या प्लॉटवर. इथे गाववाले आगरी पाटील, साताऱ्याकडचे माथाडी आणि ऐरोलीत कॉम्प्युटरवर बसणारी मंडळी एकमेकांशी बोलतात ते पार्किंगवरून भांडण्यापुरतं.

मी शाळेतला निवृत्त ग्रंथपाल. पंधरा दिवसांपूर्वी पार्किंगमधल्या एका खांबाला छातीएवढ्या उंचीवर तिरपी भेग दिसली. मी वाचनखूण म्हणून वापरतो तो पुठ्ठ्याचा तुकडा तिच्यात खोचला. घट्ट बसला. सोसायटीचा सेक्रेटरी रणजीत याला दाखवलं तर तो हसला.

"काका, प्लॅस्टर आहे ते. तुम्ही वाचता फार."

असेलही, असं वाटलं. मला भेगांतलं काय कळतं?

हळदीच्या संध्याकाळी राहीबाईंनी धवला धरला. लग्नाची ही जुनी गाणी म्हणणाऱ्या त्या एकट्याच गावात उरल्या आहेत. पंढरीशेठनी आधीच बजावलं होतं, की धवला मधे तोडायचा नाही आणि तो संपेपर्यंत नवरीने पाटावरून उठायचं नाही. माझी पत्नी उज्वला राहीबाईंशेजारी बसून पालुपदाला साथ देऊ लागली. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे हौसेराव हलगी घेऊन उठले. साताऱ्याची हलगी आगरी गाण्याला कशी लागू पडणार, असं मला वाटलं. पडली. पंढरीशेठ रणजीतच्या खांद्यावर हात टाकून नाचू लागले. महिन्याभरापूर्वी दोघे भांडून पोलीस चौकीपर्यंत गेले होते. दीडशे माणसं एका ठेक्यावर पाय आपटत होती.

मला गर्दी झेपत नाही. खाली आलो. गाड्यांच्या काचांवर पिठासारखी पांढरी धूळ होती. पुठ्ठा जमिनीवर पडला होता. उचलून भेगेत घातला, तर तो अडलाच नाही. वर ठेका पडला की हातातल्या पुठ्ठ्यापर्यंत थरथर येत होती.

वर जाऊन ओरडायला हवं होतं. पण माझं चुकलं असलं तर? ही माणसं पहिल्यांदाच एकत्र नाचत होती. मला एवढंच सुचलं, की हौसेरावांच्या कानाशी जायचं आणि हलगी ढिली बोलतेय म्हणून सांगायचं. कातडं जाळावर शेकून ताणल्याशिवाय ढिल्या हलगीवर टिपरू टाकायचं नाही, हा त्यांचा नेम. जाळ खाली, फाटकाबाहेरच पेटेल असा माझा हिशोब होता. त्यांनी बोटाने कातडं दाबलं, माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि जिन्याकडे निघाले. वाद्य निघालं तशी माणसंही मागोमाग निघाली. मला हायसं वाटलं, ते पायऱ्या उतरेपर्यंतच.

खाडीकडून वारा सुटला होता. जाळ विझू नये म्हणून हौसेरावांनी रद्दी पेटवली ती आत, त्याच खांबाच्या आडोशाला. सगळी माणसं तिथेच गोळा झाली. वरून पडणारी धूळ कोणीतरी गंमत म्हणून दुसऱ्याच्या हळदीच्या गालाला फासली.

"हलगी ढिली नव्हती," मी म्हणालो. गलक्यात कोणी ऐकलं नाही. पुन्हा म्हणालो. "मी खोटं बोललो, हौसेराव. खांब खचत चाललाय. यांना बाहेर न्या."

"काका, परत तेच?" रणजीत म्हणाला.

हौसेराव हलगीच्या कातड्याकडे बघत होते. त्यावर पांढरी धूळ पडत होती.

"ढिली नव्हती ते मला वरच कळलं, सर," ते म्हणाले. "तुमचं तोंड बगून खाली आलो."

त्यांनी टिपरू उचललं आणि वाजवत फाटकाबाहेर चालू लागले. हाक मारून कोणी हललं नसतं. ठेक्यामागे सगळे गेले. रणजीतही गेला. शेवटचा माणूस रस्त्यावर आला तेव्हा हौसेरावांनी हात थांबवला.

मग इतका वेळ हलगीखाली आणि गलक्याखाली झाकलेलं ऐकू आलं. खांबातून करकर येत होती. आणि वर राहीबाई गात होत्या. पालुपदाला उज्वलाचा आवाज होता.

पंढरीशेठचा चेहरा उतरला.

"मास्तर, धवला सरल्याबिगर उन्नती उठाची नाय. मीच सांगितलंय तिला."

ते जिन्याकडे धावले. मी त्यांच्या मागे. अर्ध्या जिन्यात पायाखालची पायरी हलली, आणि वर राहीबाईंनी नवं कडवं धरलं. अजून किती कडवी उरली होती, मला माहीत नव्हतं.