भिंगऱ्याची गाडी

दातांचे डॉक्टर स्वतः ट्रकबरोबर आले होते. ट्रकची मागची फळी खाली झाली, गाडी हळूहळू मागे सरकत जमिनीवर उतरली आणि डॉक्टर लग्नातल्या नवरदेवासारखे तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"लिलावात घेतली. शर्यतीत धावलेली खरीखुरी गाडी आहे," ते म्हणाले. "आणि गंमत माहितीये का? ही चालवायचा तो माणूस आपल्याच शहरातला!"

ताईच्या दुकानात गिऱ्हाइकांचं सगळं तिचा नवरा बघायचा. त्याने बायकोकडे पाहिलं. ती गाडीपाशी उकिडवी बसून पुढच्या दिव्याखालचा भाग निरखत होती, ऐकूच आलं नाही असं दाखवत.

"आपल्या घरातला म्हणा," नवरा म्हणाला. "मेहुणा माझा. हिचा धाकटा भाऊ."

डॉक्टरांचा आ वासला तो वासलाच. ही योग्य जागा आहे हे आपल्याला आतून जाणवलं होतं, असं ते मग दोनदा म्हणाले. गाडी त्यांच्या बंगल्याच्या दालनात ठेवायची होती, काचेआड, दिव्यांखाली. "एकही डाग नको. काल कारखान्यातून निघाली असं वाटलं पाहिजे."

"होईल," ताई म्हणाली.

महागड्या, वेगवान गाड्यांचं हे काम ताई तरुणपणापासून करत आली होती. धुणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. मग रंगात रुतलेले रबराचे आणि डांबराचे कण काढायचे, उजेड तिरका धरून ओरखड्यांचं जाळं शोधायचं, यंत्राने पॉलिश करून ते उतरवायचं आणि हे सगळं वरच्या पातळ थराला धक्का न लावता. दुकानात सगळे तिला ताईच म्हणत. तिच्याहून मोठा असलेला हिशेबनीससुद्धा.

पण ज्याच्यामुळे तिचं नाव ताई पडलं, तो कधीचा दूरदेशी होता. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की त्याला आईचा चेहराही आठवत नसे. त्याला न्हाऊमाखू घालणं, जेवू घालणं, शाळेत सोडणं हे सगळं ताईने केलं. तो एका जागी बसायचाच नाही. घरभर गरगरायचा, म्हणून त्याचं नाव पडलं भिंगऱ्या. वडील टॅक्सी चालवायचे. सुट्टीच्या दिवशी दोघं भावंडं टॅक्सी धुवायची, म्हणजे ताई धुवायची आणि हा आत बसून तोंडाने इंजिनाचा आवाज काढत स्टीअरिंग फिरवायचा.

पुढे तो खरोखरच शर्यतींत उतरला. आधी दुसऱ्या शहरात गेला, मग दुसऱ्या देशात. सुरुवातीला रोज फोन यायचा, मग आठवड्याला, मग सणासुदीला. वडील गेले तेव्हा तो आला नाही. त्यानंतर तर बोलणं "बरी आहेस ना?", "हो, तू?" एवढ्यावर आलं. दोघांत भांडण म्हणाल तर कधीच झालं नव्हतं. नुसतं अंतर पडत गेलं होतं, आणि ते कुठून पडायला लागलं हे तिला सांगता आलं नसतं.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा ताईने दार उघडलं आणि आतल्या लोखंडी नळ्यांमधून अंग चोरून, पाय दुमडून कशीबशी चालकाच्या जागेवर बसली. ती जागा तिच्या भावाच्या अंगाच्या मापाने घडवलेली होती. तिला दोन्ही बाजूंनी सैल पडली. आत रबराचा, तेलाचा आणि जुन्या घामाचा वास होता. ती बराच वेळ तशीच बसली, मग तिने फोन काढला.

"ताई?" पलीकडून घाबरलेला आवाज आला. "काय झालं? सगळे बरे आहेत ना?"

"सगळे धडधाकट आहेत. तुझी गाडी आलीय माझ्याकडे कामाला."

"कुठली गाडी?"

"पिवळी. मी आत बसलेय."

फोन लागलाय ना, म्हणून तिने पडद्याकडे पाहिलं.

"काय सांगतेस," शेवटी तो म्हणाला. "आत कशी बसलीस? तुझे गुडघे?"

"गुडघे बोंबलतायत. ते जाऊ दे. उजव्या दिव्याखाली मोठा टवका उडालाय, तो कशाचा?"

"तो? अगं, पाऊस पडत होता आणि पुढच्या गाडीचं..." आणि भिंगऱ्या बोलायला लागला. पावसात काच धूसर झाली होती, पुढच्या गाडीचा एक तुकडा उडून आला होता, याने अंदाजाने वळण घेतलं होतं. मध्येच त्याला हसू येत होतं. इतकी वर्षं ताईने त्याचं एवढं लांब बोलणं ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर तिने त्या टवक्यात बारीक कुंचल्याने रंग भरला.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा फोन केला. मागच्या चाकावर हिरव्या रंगाची घसट होती. ती एका जुन्या दोस्ताच्या गाडीची निघाली. आता तो दोस्त शेती करत होता. बैठकीवर तपकिरी डाग होता. "कॉफी," भिंगऱ्या म्हणाला. "चोरून प्यायचो. संघाचा मालक बघायचा नाही तेव्हा." स्टीअरिंगची डावी बाजूच जास्त झिजलेली का, असं तिने विचारलं तेव्हा कळलं की एका मोसमात त्याचं उजवं मनगट मोडलं होतं आणि कुणाला न सांगता तो तसाच चालवत राहिला होता.

"मलासुद्धा सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस."

"रडले असते तर काय बिघडलं असतं?"



दाराच्या आतल्या बाजूला डिंकाचा एक चौकोन सुकून काळा पडला होता. ते विचारल्यावर तो जरा घुटमळला. "तिथं एक फोटो होता. होती एकजण. तुला आवडली असती."

"मग?"

"मग काय. मला गाडी जास्त आवडायची. तिला ते कळलं."

ताईने तो चौकोन कोमट पाण्याच्या फडक्याने भिजवला, बोटाच्या टोकाने घासून हळूहळू काढला. काढताना ती कधीच न भेटलेल्या त्या बाईचा विचार करत होती. घरात आली असती तर आपण तिला काय हाक मारली असती, तिची मुलं कोणावर गेली असती.

आता ताईचा हात मुद्दाम सावकाश चालायला लागला. एका दुपारी एकच खूण. जे काम ती सकाळी उरकू शकत होती, ते ती उद्यावर टाकायची, कारण खुणा संपल्या की फोन करायला काही उरणार नव्हतं. नवऱ्याच्या ते लक्षात आलं.

"डॉक्टर रोज विचारतायत," तो म्हणाला. "या वेगाने त्यांना नवे दात फुटतील."

"कर ना काहीतरी. सांग, रंग नाजूक आहे."

नवऱ्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "रंग नाजूक आहे, असं सांगतो," तो म्हणाला आणि खरोखर तसंच सांगितलं.

पण बाहेरचं झालं, बैठक झाली, बैठकीचे पट्टे झाले. शेवटी उरला आतला लोखंडी सांगाडा. गाडी उलटली तर चालकाला वाचवायला असतो तो. त्यातल्या डोक्याजवळच्या नळीवरचा रंग उडाला होता आणि एकाला एक लागून बारीक पोचे पडले होते. शर्यतीत पडावेत अशा जागी नव्हते ते. आतून कुणीतरी काहीतरी आपटलं होतं.

तिने फोनवर ते वर्णन केलं. त्याच्या मागे कुठेतरी नळाचं पाणी वाहत होतं, ते त्याने बंद केल्याचं ऐकू आलं.

"ते बाबा गेले त्या दिवशीचं आहे," तो म्हणाला.

ताईने नळीला हात धरला.

"मी गाडीत बसायच्या आधी भाऊजींचा फोन आला होता. ऐकलं आणि तरी बसलो. काय करतोय ते कळत नव्हतं, बसायची सवय होती म्हणून बसलो. पूर्ण शर्यत चालवली. संपल्यावर हेल्मेट काढलं आणि त्या नळीवर आपटत राहिलो. लोकांना वाटलं, हरल्याचा राग आहे."

इतकी वर्षं जे तिने विचारलं नव्हतं, ते तिच्या तोंडून निघून गेलं. "मग आला का नाहीस रे?"

"तुझ्यासमोर उभा कसा राहू, ते कळेना. सगळं तू एकटीने केलंस. उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता वर्ष गेलं. मग तर आणखीच अवघड झालं."

"मी तुझ्यावर रागावले नव्हते."

"तेच तर ना, ताई. फोनवर तू विचारायचीस, जेवलास का. चार शिव्या घातल्या असत्यास तर मी तसाच धावत आलो असतो."

ती रडत होती आणि त्यालाही ते ऐकू येत असणार. थोड्या वेळाने तो म्हणाला, "ते घासून टाक. डॉक्टरांना स्वच्छ हवंय ना? मलाही नकोय ते तिथं."

तिने ते काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. पोचे भरले, पॉलिशपेपरने घासून सपाट केले, अस्तराचा हात दिला, वर रंग मारला. लहानपणी भिंगऱ्या कुठे आपटून आला की त्याच्या कपाळावर ती हळद लावायची, तशा हलक्या हाताने. सुकल्यावर बोट फिरवलं तर कुठे काही होतं असं कळलंसुद्धा नसतं.

डॉक्टर गाडी न्यायला आले तेव्हा चष्मा काढून, पुसून, परत घालून पाहत राहिले. गाडी सूर्यफुलासारखी पिवळीधमक झाली होती. ट्रक कोपऱ्यावरून वळला, नवरा पाणी मारून दुकानाची फरशी धुवायला लागला, आणि दुपार झाली. ताईने डबा उघडला, पुन्हा बंद केला. विचारण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दुपारीही नव्हतं. तिसऱ्या दुपारी ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी जाऊन येते."

"कुठे?"

"भिंगऱ्याकडे."

"विमानात बसणार? तू? लिफ्टमध्ये डोळे मिटतेस."

"तिथेही मिटीन."

नवरा हसला, पण त्याच संध्याकाळी तिकिटाच्या मागे लागला.

भाऊ विमानतळावर कठड्याला टेकून उभा होता. केस विरळ झाले होते, पोट सुटलं होतं, आणि वडील जसे मान एका बाजूला कलती ठेवून उभे राहायचे, तसाच उभा होता. ती जवळ आली. त्याने वाकून नमस्कार केला, तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो उचललाच नाही. लोक बाजूने सामान ढकलत जात राहिले.

मग त्याने तिची पिशवी घेतली आणि तिला आपल्या गाडीपाशी नेलं. साधी, छोटी, राखाडी गाडी होती, आणि धुळीने असली माखलेली की ताईने कपाळाला हात लावला.

"बघू नकोस तिच्याकडे," तो ओशाळून म्हणाला. "उद्या धुतो."

"तू धुणार? तू आत बसून आवाज काढ."

तो इतक्या मोठ्याने हसला की पलीकडचा माणूस वळून बघायला लागला. गाडी सुरू झाली. तो फार सावकाश चालवत होता. दोन्ही बाजूंनी लोक पुढे निघून जात होते. ताई त्याच्याकडे एकटक बघत होती. एवढ्या वर्षांचं काय काय विचारायचं होतं, आणि कुठून सुरुवात करावी तेच सुचत नव्हतं.

सिग्नलला गाडी थांबली. "किती दिवस राहशील?" त्याने रस्त्याकडे बघतच विचारलं.

"आत्ता तर आले. घरही पाहिलं नाही अजून."

"तसं नाही गं. सवय होते मग. आधीच कळलेलं बरं."

तिने परतीची तारीख सांगितली. सिग्नल हिरवा झाला, शेजारच्या गाड्या निघून गेल्या, तरी याचे हात स्टीअरिंगवर तसेच होते. मागच्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, तेव्हा कुठे त्याने गाडी पुढे काढली.