अंगणातले शिंपले

या तळ्यावर कालवं काढायचा परवाना मी देते आणि मीच काढून घेते. लोक तोंडावर मला ताई म्हणतात, पाठ फिरली की करवत. म्हणू देत. खाऱ्या पाण्याचं हे तळं सगळ्यांचं आहे, आणि जे सगळ्यांचं असतं ते ओरबाडताना कुणाचाच हात थरथरत नाही.

माझा नियम एकच. कालवं न्या, सोला, विका, खा. पण रिकामे शिंपले तळ्यात परत आले पाहिजेत. कालवाचं पिल्लू जुन्या शिंपल्याला चिकटूनच वाढतं, चिखलात पडलं की मेलं. शिंपले परत गेले नाहीत तर पुढे कालवंही नाहीत, इतकं सोपं आहे हे.

यंदा तपासणीला दाताळं तळाशी सोडलं तर वर नुसता काळा चिखल आला. पुन्हा सोडलं, पुन्हा चिखल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोलणीच्या शेडचा मालक समोर सापडला, त्याला चारचौघांत धुऊन काढलं.

त्याने शांतपणे हात पुसले. "ओरडा खुशाल. पण शिंपले इथून तुमच्या भावाच्या टेम्पोत जातात. पुढचं त्याला विचारा."

टेम्पोचं काम धाकट्याला मीच दिलं होतं.

तशीच त्याच्या घरी गेले. दारापुढे नेहमी घोटाभर चिखल असायचा. आता फाटकापासून ओट्यापर्यंत पांढरंशुभ्र अंगण. पाऊल टाकलं तर करकर वाजलं. आणि मधोमध, चाकांच्या खुर्चीत, आई ऊन खात बसलेली.

धाकटा बाहेर आला आणि मला बघून दारातच थांबला.

"कुंपणानेच शेत खायचं का रे?"

"ताई, आधी ऐकून घे. आईची खुर्ची रुतायची. वर्षभर ती ओट्याखाली उतरली नव्हती."

"मग मला सांगायचं होतंस!"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, मोसम संपू दे, मग बघू. तुझा मोसम कधी संपतो गं?"

हे खरं होतं, म्हणूनच मी आणखी मोठ्याने ओरडले. "अख्ख्या वस्तीच्या चुली त्या तळ्यावर पेटतात. त्यांच्या तोंडचा घास तू अंगणात पसरलास!"

"तुला आईपेक्षा तळं मोठं."

आईचा जन्म त्याच तळ्यात दाताळं ओढण्यात गेला. कालवांनी कापल्याच्या खुणा बोटांवर अजून आहेत. तिने धाकट्याकडे मान वळवली. "हे आपल्या तळ्याचे? तू तर म्हणालास, कुठल्याशा कारखान्याने फेकून दिलेले आणलेत."

तो पायाच्या अंगठ्याने शिंपले उकरत राहिला.

"उचल," आई म्हणाली. "सगळे."

"अगं, परत चिखलात रुतशील."

"रुतेन. मला आता कुठे पिल्लं चिकटवायचीत?"

एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

आईला ओट्यावर बसवलं. एक फावडं त्याने घेतलं, एक मी. ऊन कलेपर्यंत टेम्पो भरला आणि अंगणाचा पुन्हा चिखल झाला.

"ही तुझी शेवटची खेप," मी म्हणाले. "उद्यापासून दुसरं काम शोध."

"नकोच आहे मला तुझं काम."

"मी पण येणार," आई ओट्यावरून म्हणाली. "शिंपले पाण्यात पडताना बघायचेत मला."

खुर्ची खाली उतरवली तशी चाकं निम्मी आत गेली. ढकलून काही उपयोग नव्हता. एक बाजू त्याने धरली, दुसरी मी. त्याचं तोंडही बघायची माझी इच्छा नव्हती, पण पावलाला पाऊल जुळवल्याशिवाय खुर्ची पुढे जाईना.

"सावकाश," आई म्हणाली. "आणि उद्यापासून मला असंच रोज न्यायचं. दोघांनी."