मागची सीट

नारायणगुड्याच्या चौकात पोलिसाने हात आडवा केला तेव्हा एकनाथरावांनी स्कूटर थांबवली आणि मान न वळवताच म्हटलं, "पदर सांभाळ बरं. चाकात जाईल."

मागून उत्तर आलं नाही. त्यात त्यांना वावगं वाटलं नाही. इंदुमतीकडून लगेच उत्तर येण्याचे दिवस आठ वर्षांपूर्वीच सरले होते.

"प्रतापरावांकडे फार वेळ बसायचं नाही," ते पुढे म्हणाले. "जेवलो की निघू."

"किससे बातां कर रैं, मुन्शीजी?" पोलीस पान चघळत जवळ आला. "पीछे तो थैली बैठी है!"

एकनाथरावांनी वळून पाहिलं. मागच्या सीटवर शंकरपाळ्यांच्या डब्याची कापडी पिशवी होती. तिचे बंद सीटच्या कडीत नीट अडकवलेले होते. बायको नव्हती. कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलातली चार गिऱ्हाइकं हातातल्या बशा तशाच धरून हसत होती. एकनाथरावांचे कान तापले, पण आत काही हललं नाही. त्यांनी स्कूटर वळवली आणि आल्या रस्त्याने चिक्कडपल्लीकडे निघाले.

एकनाथराव बांधकाम खात्यात कारकून होते. पंधरा वर्षं त्यांनी फायलींवर उर्दूत टिपणं लिहिली, निजामाचं संस्थान गेल्यावर आठ वर्षं इंग्रजीत लिहिली. आता छप्पन साली राज्याचेच तीन तुकडे व्हायचे म्हटल्यावर, मराठी माणूस म्हणून त्यांचं नाव औरंगाबादच्या यादीत आलं होतं. एक नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, तिकडे हजर व्हायचं होतं. यादी वाचून कचेरीत कुणी डोळे पुसले, कुणी वशिला शोधायला धावलं. एकनाथरावांनी यादीखाली सही केली आणि दौतीला झाकण लावलं.

इंदुमती बरोबर येणार की नाही, एवढंच ठरायचं राहिलं होतं. त्यांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ती "बघू" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. म्हणून आज काचीगुड्याला तिच्या धाकट्या भावाने, प्रतापरावांनी, जेवायला बोलावलं होतं. भावासमोर तरी तोंड उघडेल, असा हिशोब.

स्कूटर मात्र न मागता घरात आली होती. खात्यातले इंजिनिअरसाहेब मद्रासला निघाले, तेव्हा त्यांच्या इटलीच्या स्कूटरवर निम्म्या कचेरीचा डोळा होता. रोज कुणी ना कुणी तिच्याभोवती प्रदक्षिणा घालून यायचं. जो एकदाही पाहायला आला नाही, त्यालाच साहेबांनी ती दिली. वाहन तसं गुणाचं होतं. फटफटीवर टांग टाकावी लागते, हिच्यावर खुर्चीत बसावं तसं पाय जुळवून बसायचं. साखळी उघडी नाही, म्हणून धोतराला काळं लागत नाही. खुर्चीत जन्म गेलेल्यांसाठीच देवाने ही काढली आहे, असं गल्लीतले लोक म्हणायचे. एकनाथराव त्यावर हसत नसत, पण रोज सकाळी फडक्याने तिला पुसत. कचेरीला जाताना तोंडावर वारा यायचा, तेवढा त्यांना जाणवायचा. दिवसभरात बाकी फारसं काही जाणवत नसे.

इंदुमती या स्कूटरवर आज पहिल्यांदाच बसणार होती.

ते घराशी पोचले तेव्हा ती पायरीवरच उभी होती. हातात कुलपाची किल्ली होती.

"मला वाटलं, बसलीस," ते म्हणाले.

"थैली ठेवली अन् कुलूप लावायला वळले. तेवढ्यात तुम्ही गेलात की."

"हाक मारायची."

"मारली. दोनदा." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर एकनाथरावांना सोपं गेलं असतं. "तुम्हाला मागचं ऐकू कुठं येतं? त्या दिवशीही असंच झालं."

कोणत्या दिवशी, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

घरंदाज बायकांची रिक्षा पडद्याची असायची. पडदा पडला की पुरुषाने सायकलवर पुढे निघायचं आणि मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर आत आपली माणसं आहेत हे साऱ्या रस्त्याला कळतं. एकनाथरावांच्या वडिलांनी जन्मभर तसंच केलं आणि मुलाने ते उचललं. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांची धामधूम वाढली आणि बिऱ्हाडामागून बिऱ्हाडं शहर सोडू लागली, तेव्हा इंदुमतीला आणि पाच वर्षांच्या लेकीला, सुमनला, सोलापूरला मावशीकडे धाडायचं ठरलं. एकनाथराव सायकलवर पुढे, पडद्याची रिक्षा मागे. नामपल्ली स्टेशनपर्यंत त्यांनी एकदाही मान वळवली नाही. स्टेशनात गर्दीने दोघींना बायकांच्या डब्यात ढकललं आणि गाडी सुटली.

सोलापुरात सुमनला विषमज्वर झाला. टपाल बंद, तारा बंद. ती गेल्याचं एकनाथरावांना दीड महिन्याने कळलं, पोलीस ॲक्शन होऊन गल्लीत साखर वाटत होते तेव्हा. त्यांच्याही तळहातावर कुणीतरी साखर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. तेव्हापासून ते तसेच कचेरीत जात होते.

"तुम्हाला कधी बोलले नाही," इंदुमती म्हणाली. ती किल्लीकडे बघत होती. "पडद्याच्या फटीतून तिनं हात बाहेर काढला होता. नामपल्ली येईस्तोवर हलवत होती. अण्णा, अण्णा करत होती. मी आत ओढला नाही. म्हटलं, बघतील. आता बघतील, आता बघतील."

एकनाथराव स्कूटरचं हँडल धरून उभे राहिले. शेजारच्या घरात कुणीतरी पाट्यावर चटणी वाटत होतं, तो आवाज तेवढा त्यांना स्वच्छ ऐकू येत होता.

"रिवाज होता," ते शेवटी म्हणाले.

"हौ," ती म्हणाली. "रिवाज होता."

मग ती मागच्या सीटवर बसली. या खेपेला त्यांनी "बसलीस?" असं विचारलं आणि ती "बसले" म्हणेपर्यंत गाडी हलवली नाही. तिने त्यांच्या खांद्याला हात लावला नाही, सीटची कडी धरली.

प्रतापराव सरळ माणूस. पहिला भात संपायच्या आत त्यांनी विषय काढला. "अक्का, एकदाचं सांगून टाक. तू जाणार की इथं राहणार? राहायचं तर माझं घर आहे."

"मी आपल्याच घरात राहीन, चिक्कडपल्लीला," इंदुमती म्हणाली.

"एकटी? कशामुळं?"

तिने ताटातला भात बोटांनी सारखा केला. "गल्लीत भामा आहे, वकिलांची कुसुम आहे, तारामती आहे. तिघी सुमनच्या बरोबरीच्या. त्या वाढतात तशी मला ती दिसते. परवा भामाला पहिल्यांदा लुगडं नेसवलं. मी उंबऱ्यात उभी राहून बघितलं. म्हटलं, आपली आता एवढी झाली. औरंगाबादेत मला ती किती मोठी झाली हे कोण दाखवणार?"

प्रतापरावांचा घास हातातच राहिला. एकनाथरावही त्या तिघींना रोज बघत होते. चिंचेखाली खेळायच्या, हल्ली घोळका करून शाळेत जायच्या. त्यांना कधी असं सुचलं नव्हतं. त्यांना इंदुमती बरोबर हवी होती. सुमनला ओळखणारं तिकडे दुसरं कुणीच नसणार. ही नसली तर मलाही ती हळूहळू आठवेनाशी होईल, असं सांगायचं होतं. शब्द अगदी ओठांशी आले.

"थोडी कढी वाढता?" ते प्रतापरावांच्या बायकोला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना ते अंबाजीकडे गेले. अंबाजी पूर्वी एका जागीरदाराच्या मोटारखान्यात होता. जागिरी गेल्या, हत्तीएवढ्या मोटारी विकल्या गेल्या, आणि आता तो काचीगुड्याला लिंबाखाली उकिडवा बसून स्कूटरी दुरुस्त करी.

"आरसा बसवायचाय," एकनाथराव म्हणाले.

"आरसा?" अंबाजीने पाना खाली ठेवला. "इस्कूटरला आरसा कोण लावतंय, रावसाब? नवाबाची मोटार असती तर गोष्ट निराळी. एवढीशी तर ही. मान वळवली की झालं."

"माझी वळत नाही."

"मानेला काय झालं?"

"काही नाही. सवय नाही."

अंबाजीने त्यांच्याकडे नीट बघितलं. मोटारीचा एक जुना गोल आरसा शोधून त्याने हँडलला पट्टीने कसला. "अन् पुढं लेकरू उभं राहायला दांडा लावून देऊ का? समदे लावून घेतेत."

"नको."

"खैर. बघा, रस्ता दिसतोय का?"

"रस्ता नको," एकनाथराव म्हणाले. "मागची सीट दिसू दे."

निघायच्या दिवशी स्कूटर गाडीबरोबर औरंगाबादला पाठवायची होती, म्हणून काचीगुडा स्टेशनपर्यंत ते तिच्यावरूनच गेले. सामान आधीच रवाना झालं होतं. इंदुमती पोचवायला म्हणून मागे बसली होती. आरशात तिचं तोंड बशीएवढं दिसत होतं, डोक्यावर पदर, नजर रस्त्याच्या कडेला. एकनाथराव दर वळणावर बघत, वळण नसलं तरी बघत. नारायणगुड्याला तोच पोलीस होता. त्याने आधी मागची सीट पाहिली आणि मग ऐटीत सलाम ठोकला.

"आरशात किती बघाल?" इंदुमती म्हणाली. "समोर बघा. पडाल."

आठ वर्षांत ती आपण होऊन त्यांना एवढं बोलली नव्हती. एकनाथरावांनी समोर बघितलं, आणि हिमायतनगरकडून येणारी बस गेल्यावर पुन्हा आरशात बघितलं.

स्टेशनात हमालांनी स्कूटरला तरट गुंडाळलं. "आरसा फुटेल, साब, निकाल लेव," एकजण म्हणाला. एकनाथरावांनी स्वतःच पट्टी सैल करून तो काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसला. बराच वेळ पुसला.

"हा ठेव," ते म्हणाले.

"मला कशाला?"

"येशील तेव्हा घेऊन ये."

तिने आरसा पिशवीत ठेवला आणि पिशवीतून शंकरपाळ्यांचा डबा काढून त्यांच्या हातात दिला. डबा पुन्हा भरलेला होता.

गाडी हलली. एकनाथराव खिडकीशी बसले होते. सवयीने त्यांची नजर समोरच्या बाकावर गेली, तिथे एक कुटुंब भाकरीचं फडकं सोडत होतं. मग त्यांनी मान खिडकीबाहेर काढली आणि मागे वळवली. मान दुखली.

इंदुमती फलाटावर खांबाजवळ उभी होती. पिशवी छातीशी धरलेली. तिने त्यांना बघताना बघितलं, आणि पदराआडून तिचा एक हात बाहेर आला. तो तिने वर केला आणि हलवला. अंगात सवय नसलेल्या बाईने हलवावा तसा, अवघडून, मनगटातून. पण थांबवला नाही.

"अहो, डोकं आत घ्या," समोरचा गृहस्थ म्हणाला. "कोळसा जाईल डोळ्यात."

तो गेलाच. डोळा चरचरला, पाणी वाहू लागलं. एकनाथरावांनी तो चोळला नाही. चोळायला एक क्षण तरी गेला असता, आणि हात अजून दिसत होता.