कुरूप माझ्या पायाला होतं

मी तलंग बोलतेय. कोंबडी म्हणू नका. अंड्यावर यायच्या बेतातल्या तरण्या कोंबडीला तलंग म्हणतात. हा साधा शब्द तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसतो आणि तरी आमच्या दुखण्यावर सल्ला द्यायला जो तो कंबर कसून तयार! माणसांविषयी माझं मत बरं नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना सोसणार नाही त्यांनी इथूनच परत फिरावं.

माझा जन्म यंत्राच्या पेटीत झाला. डोक्यावर आईच्या पंखांऐवजी विजेचा दिवा होता. त्याचं मला दुःख नाही. दिवा निदान उगाच बोलत तरी नाही. पुढे भोकं पाडलेल्या खोक्यात घालून आम्हा चौघींना या घरी आणलं. बैठं घर, मागे फरशीचं अंगण, अंगणात कपड्यांची तार आणि एक गळका नळ.

घरात माणसं तीन. कर्त्या पुरुषाला सगळी गल्ली इंजिनिअर म्हणते. तो इंजिनिअर नाही. एका कचेरीत दुसऱ्यांनी ठरवलेल्या इमारतींचे नकाशे काढून देतो. पण कुणी इंजिनिअर म्हणून हाक मारली की लगेच ओ देतो. त्याची बायको औषधांच्या दुकानात काउंटरला असते. सासू तिला सूनबाई म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. आणि सासू म्हणजे आई. त्या दिवसभर मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसायच्या आणि आमच्याकडे दाणे भिरकावायच्या.

आमचं खुराडं इंजिनिअरने स्वतः बांधलं. आधी कागदावर काढलं, मग रंगवलं, मग येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. "पक्ष्याला उंचावर झोपायला आवडतं," असं म्हणून त्याने बसायची दांडी थेट स्वतःच्या खांद्याच्या उंचीला ठोकली. लाकूड खडबडीत, त्याला रंधा मारलेला नाही. खाली टणक फरशी, कारण ती धुवायला सोपी. शेजारचे कंपाउंडरकाका भिंतीवरून वाकून म्हणाले, "वा! खुराडं कसलं, बंगलाच आहे." कंपाउंडरकाका निवृत्त झाले त्याला जमाना लोटला, पण त्यांचं बोलणं काही निवृत्त झालं नाही.

वर चढायला तिरकी फळी होती. सकाळी मात्र खाण्याची भांडी वाजली की चौघींची एकच घाई व्हायची. मग फळी कुठली? धाडकन उडी. अशाच एका सकाळी दांडीवरून पाय घसटला, डाव्या तळव्यात लाकडाचं कुसळ शिरलं आणि त्याच पायावर मी फरशीवर आदळले.

मी लंगडले नाही. आमच्यात दुखणं दाखवायचं नसतं. दाखवलं की चोची येतात. मी मान ताठ ठेवून चालत राहिले, दाणे टिपत राहिले. तळवा आतून ठणकत होता आणि माझा चेहरा एखाद्या महाराणीचा होता.

पण सुजलेला पाय किती दिवस झाकणार? शेवटी तो टेकवेना. मग आमच्या थोरलीने, जी माझ्याच खोक्यातून आलेली, माझा तुरा टोचून रक्तबंबाळ केला. बाकीच्या दोघी तिच्या मागे उभ्या राहून मजा बघत होत्या. मला खाण्याच्या भांड्याजवळ येऊ देईनात. माणसांना नावं ठेवते म्हणून आमच्या जातीला मी डोक्यावर घेते, असं समजू नका.

मग सुरू झाले सल्ले. कंपाउंडरकाकांनी भिंतीवरूनच निदान केलं, "कॅल्शियम कमी पडतंय. अंड्यांची टरफलं कुटून घाला." माझ्या पायाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. इंजिनिअर म्हणाला, "काही झालेलं नाही. नखरे आहेत. बाकीच्या तिघी बघा कशा टुणटुणीत आहेत." आई तेवढ्या म्हणाल्या, "अरे, तिला पाय टेकवत नाहीये." पण म्हाताऱ्या माणसाचं ऐकायला घरात वेळ कुणाला असतो?

मी टरफलं खाल्ली. पाय लिंबाएवढा झाला. अंगात ताप भरला, पिसं फुलली, डोळे मिटायला लागले. कोपऱ्यात बसले की उठावंसं वाटेना. छातीचं हाड हाताला लागायला लागलं तेव्हा इंजिनिअर म्हणाला, "रविवारी कापून टाकू. बिचारीचे हाल तरी संपतील."

दुसऱ्याचे हाल बघायचा कंटाळा आला की माणसं त्याला दया म्हणतात.

"कापायचं नाही," आई दारातून म्हणाल्या. एवढ्या मोठ्याने त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "पाय दुखतो म्हणून कापायला लागलो तर..."

सूनबाईने दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली आणि मला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे माझ्या शेजारी एक कुत्रा बसला होता. धडधाकट, नुसती नखं कापायला आलेला, आणि रडत होता. अशांच्या रांगेत मला बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी मला उताणी धरून पाय उलटा करून पाहिला. इतक्या दिवसांत हे कुणालाही सुचलं नव्हतं. तळव्यावर काळी खपली होती. "कुरूप आहे," त्या म्हणाल्या. मी भडकलेच. आजारी आहे, तुरा फाटलाय, कबूल; पण तोंडावर कुरूप म्हणायचं? मग कळलं, तळपायाला होणाऱ्या त्या गाठीलाच कुरूप म्हणतात.

मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवला, खपली काढली, आतून पिवळा टणक गोळा निघाला आणि गोळ्याच्या पोटात ते कुसळ. दुखलं का, असं विचारू नका. मी सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. कुत्रा गप्प झाला.

"दांडी किती उंच आहे?" डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधता बांधता विचारलं.

सूनबाईने हात डोक्याजवळ नेला.

"अहो, कोंबडी आहे ती, गरुड नाही! गुडघ्याच्या वर नको. लाकूड घासून गुळगुळीत करा, खाली भुसा टाका. नाहीतर परत याल माझ्याकडे."

घरी आल्यावर इंजिनिअरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डॉक्टरांना बांधकामातलं काय कळतं?" दांडी जागची हलली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभाला धगही लागली नव्हती.

मला स्वयंपाकघरात एका खोक्यात ठेवलं. सूनबाई मला टॉवेलमध्ये गुंडाळून धरायची आणि आई पट्टी बदलायच्या. मी दोघींनाही टोचलं. "टोच बाई, टोच. तुझं दुखतंय," आई म्हणायच्या. असलं गोड बोलणं मला चालत नाही.

पण त्या खोक्यातून मला एक गोष्ट दिसली. घरात कुणी नसलं की आई टेबलाला धरून, मग भिंतीला धरून, मग ओट्याला धरून चालायच्या. डावा गुडघा वाकायचाच नाही. आणि इंजिनिअरची चाहूल लागली की भिंतीवरचा हात खाली, पाठ ताठ, चेहरा महाराणीचा. मी त्यांना तत्काळ ओळखलं. ही विद्या आमची! पण आम्ही लपवतो ते चोचींच्या भीतीने. या बाईला कोण टोचणार होतं? विनाकारण सोसणाऱ्यांची मला फार चीड येते.

पायाची जखम भरली, मला पुन्हा खुराड्यात सोडलं. तीच दांडी, तीच फरशी. व्हायचं तेच झालं. पाय पुन्हा सुजला. पण या खेपेला थोरलीही लंगडायला लागली. थोरली रोज अंडं देत होती, त्यामुळे तिच्या पायाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

त्या संध्याकाळी मागच्या दारात वाजलं.

"खुराड्यात काही दोष नाही," इंजिनिअर म्हणाला. "या कोंबड्यांची जातच नाजूक."

"नाचता येईना अंगण वाकडं," सूनबाई म्हणाली. "अहो, तुम्ही बांधता ते सगळं उंचच असतं. ही पायरी बघा. ही झाल्यापासून आई अंगणात उतरलेल्या नाहीत."

मागच्या दाराची पायरी त्यानेच बांधली होती. घराचा ओटा उंच केला आणि खाली एकच पायरी ठेवली, कारण नकाशात ती ऐटबाज दिसत होती.

"काहीतरीच काय! आईला ऊन सोसत नाही म्हणून ती बाहेर येत नाही. हो ना गं आई?"

"हो रे," आई घाईघाईने म्हणाल्या. "ऊन सोसत नाही."

"आता कुठंय ऊन?" सूनबाईने विचारलं. "दिवे लागायची वेळ झाली. उतरा बघू, आई."

आई उठल्या. चौकट धरली. एक पाय पुढे केला. तो खाली जाईना. पाऊल हवेत थोडा वेळ थरथरलं आणि परत मागे आलं. त्या खुर्चीत बसल्या.

"नाही जमत रे," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासूनच नाही जमत."

"मग बोलली का नाहीस?"

"तू हौसेने बांधली होतीस."

इंजिनिअरचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं. पण खरं सांगायचं तर मला ते बघवलं नाही. मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला नाही. करवत आणली, दांडी कापून गुडघ्याच्या खाली बसवली, रंधा मारला, वरून स्वतःचा तळहात फिरवून पाहिला. फरशीवर भुसा पसरला. मग विटा आणि सिमेंट आणून दारापुढे मधली पायरी घातली, शेजारी धरायला लोखंडी नळी रोवली. तोंडातून 'चुकलं' हा शब्द काही निघाला नाही. उलट कंपाउंडरकाकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दुसरा टप्पा करायचा राहूनच गेला होता." काका म्हणाले, "वा!" दोघेही एकाच माळेचे मणी.

सिमेंट वाळल्यावर आई उतरल्या. नळी धरून, एक पाय, मग दुसरा. आता ही रडणार, असं मला वाटलं. त्या अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या, चारी बाजूंना पाहिलं आणि कडाडल्या, "काय रे ही घाण! आणि हा नळ कधीपासून गळतोय?" तेव्हापासून घरात कुणाला सुख नाही. म्हातारीने अंगण धुवून घेतलं, नळ दुरुस्त करून घेतला, कंपाउंडरकाकांना भिंतीवर रेलायची बंदी केली. माणसांपैकी तेवढीच एक मला जरा बरी वाटते.

माझ्या पायाची पुन्हा चिरफाड झाली. गाठ गेली, पण एक बोट आखडलं ते आखडलंच. मी आता उघड लंगडते. थोरली चाल करून आली तर लंगडतच जाऊन तिला टोचते. अंडं अजून दिलेलं नाही. जो तो विचारतो. देईन तेव्हा देईन.

तुमच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तरी एक सांगते, ऐकायचं तर ऐका. घरातलं कुणी बरेच दिवस एकाच जागी बसून असेल, तर 'त्यांना तिथंच आवडतं' असं म्हणून मोकळे होऊ नका. जवळ जाऊन विचारा. आणि 'हो, आवडतं' असं उत्तर आलं, तर विश्वास ठेवू नका.

आता निघा. माझी पट्टी बदलायची वेळ झाली. हल्ली हे काम इंजिनिअर करतो. जमिनीवर मांडी घालून, मला मांडीवर घेऊन, अगदी जपून. मला त्याला टोचायचं आहे.