एक काळा, एक पांढरा

आंघोळ झाल्यावर अर्धा तास आई आमची असते. मग तिचं मन कुठे भटकायला जातं, देव जाणे. दार उघडं टाकून ती दोनदा रस्त्यावर गेली होती आणि ऐंशीच्या बाबांना तिच्यामागे धावणं झेपत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तिला वृद्धांच्या संस्थेत ठेवायचं ठरलं होतं. तिथे तिच्या उशाशी ठेवायला दोघांचा एक फोटो हवा, एवढंच बाबांनी मागितलं. त्यांनी माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. वीस वर्षं मी लोकांचे फोटो काढून पोट भरते. "त्यात काय, पाच मिनिटांचं काम!" मी म्हणाले.

आंघोळ उरकताच दोघांना माझ्या स्टुडिओत आणलं, काळ्या पडद्यापुढे बाकावर बसवलं. आईने बाबांकडे निरखून पाहिलं. "अहो, कॉलर बघा कशी झालीय," म्हणत तिने स्वतःच ती नीट केली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी बटण दाबलं. फोटो काळाकुट्ट! लगेच पुसून टाकला. पुढच्यात दोघंही पिठात लोळल्यासारखी पांढरीफटक. तोही पुसला. खराब फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावर ठेवायचा नाही, ही माझी शिस्त. त्या शिस्तीचा मला फार अभिमान होता.

नमनालाच घडाभर तेल गेलं. सेल बदलले. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून त्याचा पाय पुसला, पुन्हा बसवला. फ्लॅशचा तयारीचा दिवा लागेपर्यंत दर वेळी थांबले. तरी काळा, पांढरा, पांढरा, काळा.

"फ्लॅशला काहीतरी झालंय," मी म्हणाले.

"दुकान तुझं, फ्लॅश तुझा, आणि सांगतेस आम्हाला?" बाबा म्हणाले.

आई खळखळून हसली. मी तेव्हा मान खाली घालून फ्लॅशचा स्क्रू आवळत होते. रडकुंडीला आले होते, खरं सांगते.

मग एकदाचं डोक्यात शिरलं. बाबांचा चष्मा! फ्लॅश आधी एक बारीक झोत टाकून किती उजेड परत येतो ते मोजतो. बाबा कॅमेऱ्याकडे बघत तेव्हा काच चमके, आणि फ्लॅशला वाटे, उजेड भरपूर आहे. ते आईकडे वळले की समोर नुसता काळा पडदा, मग हा पठ्ठ्या सगळी ताकद ओते. गाढव मी! फ्लॅशचं मोजणंच बंद केलं, ताकद हाताने ठरवून दिली, त्याला जरा वर आणि बाजूला घेतलं.

पाच फोटो काढले. पाचही एकसारखे, चेहऱ्यावरची रेघ न रेघ स्वच्छ.

"जमलं!" मी ओरडले, आणि मान वर केली.

आई बाकाच्या टोकाला अंग चोरून बसली होती. "ताई," ती मला म्हणाली, "मला घरी जायचंय. हे गृहस्थ मघापासून चिकटून बसलेत."

बाबा हातभर बाजूला सरकले.

मी नुसता उजेड तपासला होता; पाचही फोटोंत आई तशीच होती, अनोळखी माणसाशेजारी बसावं तशी. मी अजून तासभर वाट पाहिली, पण ती काही परत आली नाही. "अगं, तू माझी आई आहेस," असं मी तिलाच सांगत सुटले होते.

"तो पहिला दाखव," बाबा म्हणाले. "काळा असला तरी चालेल."

"पुसला, बाबा."

पुसलेले फोटो परत आणणारा प्रोग्रॅम लावला. सतरा जण परत आले, सगळे पासपोर्टवाले, ताठ मानेने समोर बघणारे. त्यांची नावंही मला ठाऊक नव्हती. पहिल्या फोटोची जागा माझ्या त्या पाच सुरेख फोटोंनी कधीच व्यापली होती. मला तो संगणक उचलून आपटावासा वाटला.

"राहू दे गं," बाबा चष्मा पुसत म्हणाले. "मला आठवतोय ना तो. पण फोटो माझ्यासाठी कुठे हवा होता?"